माटवी

गेल्या वर्षी श्रावणात एका स्नेह्यांच्या नव्या घरी जाण्याचा योग आला. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणाऱ्या मोठ्या बोटीत बसले की तासाभरात पलीकडे उतरता येते. तेथून सासवण्याच्या वाटेवर त्यांनी नारळी-पोफळीच्या सावलीत शेतघर बांधले आहे. गृहस्थ पुण्याचे, व्यवसायाने डॉक्टर, बोलायला मोकळे आणि हाताने सढळ. घर पाहण्यासारखे होते यात शंका नाही. भिंती जांभ्या चिऱ्यांच्या, वर गिलावा मुद्दाम न दिलेला. छपरावर मंगलोरी कौले. ओटीवर पितळी कड्यांचा झोपाळा. सूप, रोवळी, इरले आणि एक जुना कंदील अशा वस्तू चित्रे टांगावीत तशा भिंतीवर टांगलेल्या. जात्याच्या पाळीवर काच ठेवून चहाचे मेज केलेले. आमच्या आजीने ते मेज पाहिले असते तर आधी काच उचलून बाजूला ठेवली असती आणि मग खुंटा कुठे आहे म्हणून विचारले असते.

दिवाणखान्याच्या मधोमध एक लाकडी चौकट छताला टांगली होती. आडव्या-उभ्या पट्ट्यांची, चार कोपऱ्यांना चार कड्या. तिच्यातून आठ विजेचे दिवे खाली सोडले होते.

“हे झुंबर कुठे मिळाले?” मी विचारले.

“चोरबाजारात. जुनी वस्तू आहे एवढे खरे. कशाची, ते दुकानदारालाही सांगता येईना.”

“ही माटवी आहे,” मी म्हणालो, आणि मग संध्याकाळचा चहा थंड होईपर्यंत मला बोलतच राहावे लागले. तेच बोलणे थोडे नीट लावून येथे लिहीत आहे.

दक्षिण कोकणात भाद्रपदातल्या चवथीला गणपतीच्या डोक्यावर जी चौकट टांगतात ती माटवी. गोव्यात तिलाच माटोळी म्हणतात. वर्षभर ती माळ्यावर पडून असते. चवथीच्या आदल्या दिवशी खाली उतरते, धुतली जाते, आणि मग रानातून, परसातून जे जे त्या दिवसांत पिकले-फुलले असेल ते तिला बांधायचे. नारळ, ओल्या सुपारीचे घड, तवशी, चिबूड, लालभडक कवंडळे, आंब्याचे टाळे, तेरडा, हरणाची फुले. बांधायला केवणीच्या सालीची दोर. कागद, जिलेटिन, चमकी यांचा तेथे शिरकाव नसे. मागच्या भिंतीला आधी चुना काढून त्यावर गेरूने आणि निळीने वेली, मोर, जमल्यास शेषशायी विष्णूसुद्धा रंगवीत. पुढच्या वर्षी पुन्हा चुना, पुन्हा नवे चित्र. कोकणातल्या शेतकऱ्याच्या घरात हौसेने केलेली सजावट म्हणावी अशी ही वर्षातली मुख्य गोष्ट.

बाकीचे घर तसे साधेच. ज्या मंगलोरी कौलांवाचून आज ‘कोकणी घर’ डोळ्यांपुढे येत नाही, ती फार जुनी नव्हेत. बासेल मिशनच्या पाद्र्यांनी मंगलोरला १८६५ साली कारखाना घातला, तेव्हापासून ती किनाऱ्याने वर सरकत आली. त्यापूर्वी ज्याला परवडे त्याच्याकडे कुंभाराची नळीची कौले आणि इतरांकडे गवत. भिंतीवरच्या तसबिरी त्याहून अलीकडच्या. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि लक्ष्मी-सरस्वती चार-आठ आण्यांच्या मोलाने खेडोपाडी पोचल्या. म्हणजे ज्याला आपण परंपरा म्हणून कवटाळतो तिच्यातला बराच भाग आपल्या पणजोबांच्या वेळची नवलाई होती. डॉक्टरांना हे ऐकून थोडे वाईट वाटलेले दिसले. पण ते हसलेही.

मात्र घरातल्या काही जागा खरोखरच जुन्या. उंबरठा, देवळी, तुळस, माजघरातला खांब, अंगणाच्या कडेचा राखणदाराचा दगड. तेथे हळद-कुंकू लागे, तेथे रांगोळीची बोटे उमटत, तेथे दिवा ठेवला जाई. इतर ठिकाणी शेणाचा हात फिरला की झाले. दिवाळीतही पहाटेच्या काळोखात सगळे घर तुळशीपाशीच जमायचे. अंगठ्याखाली कडू कारीट फोडायचे, गोविंदाचा गजर करायचा, आणि मग पोहे. मला पुष्कळ दिवस प्रश्न पडत असे की सजवायला एवढे मोठे अंगण असताना बोटभर रांगोळी नेमकी त्याच जागी का? आजीजवळ उत्तर होते. “जंय भियां वाटतां थंय दिवो लावचो.” जिथे भीती वाटते तिथे दिवा लावायचा. उंबरठ्यावरून माणूस बाहेर जातो, देवळीजवळ आजाऱ्याचे अंथरूण असते, कडेच्या दगडापलीकडे रान आणि जनावर. घरातली काळजी जेथे जेथे उभी असे, तेथे तेथे बाईने रंग काढून ठेवला होता.

असे हे घर काळाचौकीच्या खोलीत कसे आले, ती खरी माझ्या विषयाची गोष्ट.

मुंबईतली पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली काढली. पुढल्या पन्नास वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, शिवडी हा सगळा टापू धुराड्यांनी भरून गेला. काळ्या रंगाच्या पोलीसचौकीवरून नाव पडले असे जुने लोक ज्या वस्तीबद्दल सांगतात ती काळाचौकी याच टापूच्या पूर्व अंगाला, बंदराला लागून. माणसे आली ती मुख्यतः कोकणातून. १९११ च्या खानेसुमारीत मुंबईच्या गिरणी कामगारांपैकी जवळजवळ निम्मे रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते, आणि त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्यात आजच्या सिंधुदुर्गाचा बराच मुलूख येत असे. जमीन थोडी, ती खोताची, पिकेल ते सहा महिने पुरायचे नाही. म्हणून थोरला मुलगा आगबोटीत बसे आणि बायको गावी शेत सांभाळी. घर असे दोन ठिकाणी चिरले गेले. मध्ये समुद्र, आणि समुद्रावरून महिन्याला एक मनीऑर्डर.

आलेला गडी सुटा राहत नसे. एका गावचे वीस-पंचवीस जण मिळून एक खोली घेत, तिला गावकीची खोली म्हणत. सरकारने १९२० नंतर बांधलेल्या बी. डी. डी. चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. आमची त्याहून मोठी नव्हती. भिंतीलगत प्रत्येकाची पत्र्याची पेटी, तीवर वळकटी. दिवसपाळीचे उठले की रातपाळीचे त्याच जागेवर पडत. या खोलीत सजावट काय असणार? पण एक फळी होती. तिच्यावर ग्रामदेवतेची तसबीर, शेजारी समई, आणि कापडाच्या ताग्यावर गिरणीवाले जी रंगीत देवादिकांची चित्रे चिकटवीत त्यांतली दोन-तीन, काचेत बसवलेली. खाली नारळ ठेवायला जागा. खिडकीत घासलेटच्या डब्यात तुळस. वीस पुरुषांच्या खोलीत तिला पाणी घालण्याची पाळी लावलेली असे, आणि ती चुकवणाऱ्याला दंड असे. बायका पुढे आल्या, बिऱ्हाडे झाली, त्या वेळी चाळीत ही गावकीची खोली आधीपासूनच मुरलेली होती.

माटवी मुंबईत येण्याचे कारण मात्र समुद्रच. कोकणी माणसाचा गणपती मूळ घरी. तो असताना मुंबईत दुसरा बसवायचा नाही, असा बहुतेक घराण्यांचा दंडक. पण पावसाळ्यात किनाऱ्याच्या आगबोटी बंद. चवथ लवकर आली की बोट सुरू झालेली नसे, आणि घाटाने वळसा घालून जायला ना पैसा ना रजा. समुद्राची भीतीही खोटी नव्हती. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढातल्या दिव्याच्या अवसेला, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. ज्या पाण्यावरून मी आज चहा घेत घेत मांडव्याला जातो, तेच हे पाणी. अशा वर्षी जे अडकून राहत त्यांनी घरचा म्हणून नव्हे, तर गावकीचा म्हणून गणपती आणायचा, अशी तोड आमच्या चाळीत निघाली. आणि गणपती म्हटला की माटवी आली. गिरणीतल्या एका सुताराने ती केली. गावच्या माटवीला लांबरुंद माजघर लागते. ही तीन फूट बाय दोन फूट, कारण पंखा आणि दार यांमध्ये तेवढीच जागा होती. सामान लालबागच्या बाजारात मिळे. आजही मिळते. चवथीच्या आधी दोन दिवस कोकणातून आलेल्या बाया कवंडळांचे वाटे मांडून पदपथावर बसलेल्या असतात.

सार्वजनिक गणपतींचा इतिहास वाचकांना ठाऊकच आहे. १८९३-९४ नंतर तो उत्सव रस्त्यावर आला. चिंचपोकळीचा १९२० चा, गणेशगल्लीचा १९२८ चा. लालबागच्या राजाची जन्मकथा माझ्या विषयाला फार जवळची आहे. पेरू चाळीचा उघडा बाजार १९३२ साली बंद झाला, तेव्हा तिथे बसणाऱ्या कोळणी आणि व्यापारी उघड्यावर पडले. त्यांनी जागेसाठी नवस केला, जागा मिळाली, आणि १९३४ साली कोळ्याच्या वेशातली मूर्ती बसली. पोटाची चिंता, तिच्यावरचा नवस आणि त्यातून उभी राहिलेली आरास, असा तो क्रम आहे. आता लाखो माणसे तेथे रांगा लावतात. मूळ मागणे चार हात बाजारपेठेचे होते हे किती जणांना माहीत असते कोण जाणे! त्याच १९३४ साली गिरण्यांत मोठा संप झाला, आणि त्याच वर्षी मुंबई सरकारने कायदा करून कामगारांची गाऱ्हाणी ऐकण्यासाठी लेबर ऑफिसर नेमण्याची तजवीज केली.

गाऱ्हाणे हा शब्द येथे सहज आला, पण कोकणात त्याला दुसरा अर्थ आहे. देवापुढे उभे राहून गावच्या वतीने जे मागणे मांडतात ते गाऱ्हाणे. ते गाण्याचे नाही, वाचण्याचेही नाही. मानकरी किंवा गुरव उभा राहतो, नारळ समोर असतो, हात जोडून तो बोलू लागतो. आधी देवांना नावानिशी हाक. रवळनाथ, सातेरी, वेतोबा, कडेचा राखणदार. मग कोणाच्या घरात काय चालले आहे ते सांगायचे. कोणाचा मुलगा नोकरीला लागत नाही, कोणाची गाय आटली, कोणाचा भावाशी वाद कोर्टात गेला, कोणाला ताप उतरत नाही. प्रत्येक वाक्याच्या शेवटी जमलेले सगळे “व्हय म्हाराजा” म्हणतात. संतांच्या अभंगात देव सखा होतो, माउली होतो. येथे तो राजा आहे, आणि दरबारात तक्रार गुदरली जाते. आरवलीच्या वेतोबाला तर भक्त चामड्याचे मोठाले जोडे वाहतात. तो रात्री गावाच्या शिवेवरून फिरतो, त्यात ते झिजतात, अशी श्रद्धा. इतके काम करणाऱ्या देवाकडे काम सांगायला कसला संकोच?

मला गाऱ्हाण्यात सर्वांत विलक्षण वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. आपली चिंता तेथे आपण स्वतः बोलून दाखवायची नसते. दुसऱ्याने ती चारचौघांत मोठ्याने म्हणायची, आणि शेजाऱ्यांनी तिला होकार भरायचा. ज्याच्याशी तुमचे पटत नाही त्यालाही तुमच्या मुलाच्या नोकरीसाठी “व्हय” म्हणावे लागते.

याची परीक्षा १९८२ साली झाली. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो.

१८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि काळाचौकीत भोंग्यावाचून सकाळ होऊ लागली. वडील साचेखात्यात होते. पहिले दोन महिने चाळ जत्रेसारखी होती. मग वाण्याने उधारी बंद केली. मग पेट्या, भांडी, दागिने. आषाढात अर्धी चाळ लावणीच्या निमित्ताने गावी गेली. आमच्याच मजल्यावरच्या शेवटच्या खोलीतले एक गृहस्थ श्रावणात गुपचूप कामावर जाऊ लागले. मागच्या दाराने, पोलिसांच्या बंदोबस्तात. दोन दिवसांत सगळ्यांना कळले. त्यांच्याशी कोणी बोलेनासे झाले. नळावरचा त्यांचा नंबर गेला. गणपतीची वर्गणी त्यांनी दिली ती परत करण्यात आली. त्यांना तीन मुली होत्या, धाकटी दम्याची. ते कामावर का गेले हे सगळ्यांना माहीत होते, आणि म्हणूनच राग अधिक होता असे आता वाटते.

त्या भाद्रपदात संपाला सात महिने झाले होते. गणपती आणावा की नाही यावरच गावकीच्या खोलीत दोन रात्री वाद झाला. अखेर हातभर मूर्ती आणायची, रोषणाई नाही, बाजा नाही, असे ठरले. पण माटवी मी पाहिलेल्या सगळ्या वर्षांतली सर्वांत भरगच्च झाली. कारण साधे होते. बाजारातून विकत घ्यायला पैसे नव्हते, आणि गावी गेलेले संपकरी परत येताना एस्टीच्या टपावर पोती लादून आले होते. ज्याच्या परसात जे होते ते. त्या तीन बाय दोनच्या चौकटीवर एवढे नारळ लटकले की छताचा हूक सुटेल म्हणून बाबांनी मध्ये दोरखंड घातला. सबंध जिना ओल्या सुपारीच्या आणि चिबडाच्या वासाने भरला होता. आम्हा मुलांना त्या चिबडांकडे पाहून काय वाटत होते ते सांगत नाही.

गाऱ्हाणे घालायला आबा होते. मालवण तालुक्यातले, चाळीस वर्षे साचे चालवलेले, दात पडलेले. त्यांनी देवांना हाका मारल्या. आजारपणे सांगितली, एका मुलीचे लग्न सांगितले. मग संपावर आले आणि थांबले. जिन्याच्या तोंडाशी शेवटच्या खोलीतल्या बाई धाकट्या मुलीला घेऊन उभ्या होत्या. आत यायचे त्यांना धैर्य नव्हते. आबांनी त्यांच्याकडे पाहिले नाही. डोळे मिटूनच म्हणाले, “जो घराक रवलो त्येचा बरा कर, म्हाराजा, आणि जो कामार गेलो त्येचाय बरा कर.”

“व्हय म्हाराजा” आले नाही. माटवीवरून कसलासा थेंब खाली पाटावर पडला तो मला ऐकू आला. मग एक आवाज आला, बाईचा. तो माझ्या आईचा होता. चारच दिवसांपूर्वी तिने पाटल्या सोनाराकडे ठेवल्या होत्या. तिच्यामागून आणखी दोघी म्हणाल्या, आणि मग पुरुष. बाबा सर्वांत शेवटी.

गाऱ्हाण्याने संप मिटला नाही. तो रीतसर मागे घेतलाच गेला नाही, नुसता विरत गेला, आणि हजारो घरे त्याबरोबर गेली. बाबा पुन्हा गिरणीत गेले नाहीत. देवाने काय केले असे मला कोणी विचारले तर माझ्याजवळ उत्तर नाही. इतिहास लिहिणाऱ्याने ते देऊही नये. दुसऱ्या दिवशी सकाळी शेवटच्या खोलीतल्या बाईंना नळावरचा त्यांचा नंबर परत मिळाला, एवढे मी पाहिले. आई मात्र विश्वासाची माणूस होती. ती म्हणे, आपण सांगायचे काम केले, आता रात्री झोपायचे. आणि खरोखरच झोपे. बाबा जागे असत.

पुढे तीन-चार वर्षांत गावकीची खोली रिकामी झाली. माणसेच उरली नाहीत. भाडेहक्क दुसऱ्याला देऊन आलेले पैसे वाटून घेतले. भांडी वाटली, तसबीर आबांबरोबर गावी गेली. माटवीचे काय झाले ते कोणी विचारले नाही. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे सबंध मार्गावर सुरू झाली, आता चवथीला गावी जाणे ही तिकिटाची अडचण आहे, समुद्राची नाही. गिरण्यांच्या जागी काय उभे राहिले ते सर्वांपुढे आहे. काळाचौकीच्या वसाहतीतूनही पुनर्विकासाचीच बोलणी ऐकू येतात.

हे सगळे ऐकून डॉक्टरांनी टेप आणली आणि चौकट मोजली. लांबी तीन फूट, रुंदी दोनला थोडी कमी. “म्हणजे ही तुमचीच?” ते म्हणाले. मी नाही म्हणालो. असल्या मापाच्या माटव्या लालबाग-परळात आणखीही झाल्या असतील, सुतार गिरणीगिरणीत होते आणि खोल्या सगळ्यांच्या सारख्याच. पण मधल्या पट्टीवर दोरखंड घासल्याची खाच आहे का ते मी हात वर करून चाचपून पाहिले. दिव्यांच्या तारांमुळे बोट नीट पोचले नाही.

चवथीच्या चार दिवस आधी त्यांचा फोन आला. दिवे काढून ठेवले होते. नारळ त्यांच्या बागेतलेच होते, कवंडळे सासवण्यात कोणाला ठाऊक नव्हती. ती मी लालबागहून न्यावीत असे ठरले. गाऱ्हाणे कोण घालणार हे त्यांनी शेवटी, जरा चाचरत विचारले. मला सबंध येत नाही. तरी बोटीत बसल्यावर, मांडीवर कवंडळांची पिशवी घेऊन, देवांची नावे क्रमाने लागतात का ते मी पुटपुटून पाहू लागलो, आणि शेजारच्या बाईंनी वळून विचारले, “मालवणचे काय तुम्ही?”